राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतील पक्षैक्य आणि उमेदवाराची निवड : १९६९ व २००७

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे बाजारपेठेचे गाव आहे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा व लोकसभा या चारही निवडणुकांत तेथील मतदार स्वतः मत देतो. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र त्याच्या हाती मतपत्रिका येत नाही. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे हा अधिकार संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या आणि राज्य विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांचा आहे. नामनिर्देशित सदस्य आणि विधानपरिषदेचे सदस्य या निर्वाचकगणात येत नाहीत. जवळा बाजारचा मतदार राष्ट्रपती निवडतो तो आपला आमदार आणि आपला खासदार यांच्या हातून.

या परोक्ष अधिकाराचा इतिहास त्या गावापुरता पाहिला तरी उद्‌बोधक आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता व त्याच्या प्रतिनिधीचे मत हैदराबादच्या विधानसभेतून मोजले गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ ची निवडणूक त्या राज्याच्या विधानसभेतून झाली. १९६२ पासून महाराष्ट्र राज्याची विधानसभा ही त्या मताची वाट ठरली. जिल्हाही पुढे बदलला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. राज्य बदलले, जिल्हा बदलला. परंतु आपल्या मताचा उपयोग कोणी कसा केला हे मतदाराला कळण्याची सोय मात्र कोणत्याच काळात नव्हती, कारण हे मतदान गुप्त असते.

या गुप्ततेमुळेच पक्षाचे ऐक्य आणि उमेदवाराची निवड यांचा परस्परसंबंध या निवडणुकीत इतर कोणत्याही निवडणुकीपेक्षा अधिक नाजूक होतो. प्रस्तुत निबंधात तो संबंध मुख्यतः १९६९ व २००७ या दोन निवडणुकींच्या आधारे तपासावयाचा आहे. दोन्हींत मराठी भाषिक उमेदवार होते. दोन्हींत महाराष्ट्रातील नेत्यांनी निर्णायक वा लक्षणीय भूमिका बजावली. परंतु एकीत सत्तारूढ पक्षाचा अधिकृत उमेदवार पराभूत झाला, आणि दुसरीत सत्तारूढ आघाडीच्या उमेदवाराला प्रतिपक्षाच्या गोटातूनही मते मिळाली.

मतमूल्याची रचना

प्रथम या निवडणुकीची गणितीय रचना ध्यानात घेतली पाहिजे. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने व पुन्हा १,००० ने भागले असता आमदाराच्या मताचे मूल्य मिळते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ होती व विधानसभेचे निर्वाचित सदस्य २७० होते. म्हणून १९६९ मध्ये महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १४६ भरले. पुढे १९७१ ची जनगणना आधारभूत मानून लोकसंख्येचा आकडा गोठविण्यात आला. त्या जनगणनेची ५,०४,१२,२३५ ही संख्या व २८८ आमदार यांवरून हे मूल्य १७५ झाले. सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज संसदेच्या निर्वाचित सदस्यांत समान वाटली की खासदाराच्या मताचे मूल्य येते. १९६९ मध्ये ते ५७६ होते, २००७ मध्ये ७०८.

मतदान पसंतिक्रमाने होते. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मूल्य पहिल्या पसंतीत कोणालाच न मिळाल्यास तळाच्या उमेदवारांना क्रमाने वगळून त्यांची मते पुढील पसंतीप्रमाणे वाटली जातात. म्हणजे स्वतःच्या पक्षाची पहिली पसंती जशी मोलाची, तशीच प्रसंगी प्रतिपक्षाची दुसरी पसंतीही मोलाची ठरते. १९६९ मध्ये नेमकी हीच गोष्ट काँग्रेस पक्षाच्या ऐक्याच्या मुळावर आली.

१९६९ : निर्णय बहुमताचा, पक्ष दुभंगलेला

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे राष्ट्रपतींचे कार्य पाहू लागले. पुढील उमेदवार ठरविण्यासाठी काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक १२ जुलै १९६९ रोजी बंगलोर येथे झाली. लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पक्षसंघटनेतील ज्येष्ठ नेत्यांनी पुढे केले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांची मते रेड्डींना पडली. इंदिरा गांधी व फक्रुद्दीन अली अहमद यांची जगजीवनराम यांना. चार विरुद्ध दोन असा हा निर्णय झाला.

चारांपैकी दोन मते महाराष्ट्रातील नेत्यांची होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. स. का. पाटील यांचे मत अपेक्षित होते. यशवंतरावांच्या मताने मात्र पंतप्रधानांचा पक्ष मंडळात अल्पमतात गेला. नियमाच्या दृष्टीने निर्णय निर्दोष होता. परंतु ज्या व्यक्तीच्या मंत्रिमंडळाबरोबर राष्ट्रपतीला काम करावयाचे, तिचा विरोध मतांनी मागे सारून तो उमेदवार ठरविला गेला होता. मंडळात बहुमत मिळाले; निर्वाचकगणात त्या बहुमताची किंमत काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला.

पुढील घटना वेगाने घडल्या. गिरी यांनी स्वतंत्र उमेदवारी जाहीर केली. १६ जुलैला मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला आणि २० जुलैला गिरी यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपदाचा कार्यभार हाती घेतला. बँकांच्या निर्णयाने उमेदवाराच्या निवडीचा प्रश्न धोरणाच्या प्रश्नात रूपांतरित झाला. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रविड मुन्नेत्र कळघम, अकाली दल इत्यादी पक्ष गिरींच्या पाठीशी उभे राहिले.

काँग्रेसाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी याच सुमारास जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या नेत्यांशी बोलणी केली. त्या पक्षांचा उमेदवार स्वतंत्र होता. त्यांनी आपली दुसरी पसंती रेड्डींना द्यावी एवढीच अपेक्षा होती. गणिताच्या दृष्टीने ही खटपट योग्य होती, हे पुढे निकालाने सिद्धही केले. राजकीय दृष्टीने तिने पंतप्रधानांच्या गटाला हवे ते कारण पुरविले. अधिकृत उमेदवाराच्या यशासाठी उजव्या पक्षांशी संधान बांधले जात असेल, तर सदस्यांवर बंधन कसले, असा प्रश्न विचारला गेला. इंदिरा गांधींनी संसदीय पक्षाच्या नेत्या या नात्याने पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि सदस्यांनी विवेकबुद्धीला अनुसरून मत द्यावे अशी भूमिका घेतली.

१६ ऑगस्टला मतदान व २० ऑगस्टला मोजणी झाली. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक होती. उर्वरित उमेदवारांची मते वाटून झाल्यावर गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असा अंतिम आकडा आला.

या आकड्यांचे थोडे विवरण केले पाहिजे. वाटपात गिरींची मते १८,५६२ ने, तर रेड्डींची ९१,८७९ ने वाढली. प्रतिपक्षाची दुसरी पसंती मिळविण्याचा निजलिंगप्पांचा प्रयत्न बहुतांशी सफल झाला होता, असा याचा अर्थ होतो. रेड्डी हरले ते स्वपक्षाच्या पहिल्या पसंतीवर. अंतिम अंतर १४,६५० चे होते. त्याच्या निम्म्याहून किंचित अधिक मूल्य एका बाजूकडून दुसरीकडे गेले असते तर निकाल उलटला असता. ५७६ मूल्याच्या हिशेबाने हे केवळ १३ खासदारांचे काम होते. महाराष्ट्राच्या १४६ मूल्याच्या हिशेबाने ५१ आमदारांचे. दोन वर्षांपूर्वी, १९६७ मध्ये, काँग्रेसचे उमेदवार झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मूल्याची मते मिळाली होती. मधल्या काळात काही राज्यांत मध्यावधी निवडणुका होऊन पक्षबल बदलले होते, म्हणून ही तुलना ढोबळच मानावी. तथापि ४,७१,२४४ वरून ३,१३,५४८ ही घसरण केवळ मध्यावधी निवडणुकांनी उलगडत नाही.

चिंतामणराव देशमुखांची उमेदवारी

या निवडणुकीतील तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख हे मराठी होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू आणि मेघदूताचे मराठी अनुवादक अशी त्यांची कारकीर्द. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग केला होता, आणि त्यामुळे महाराष्ट्राच्या मनात त्यांना विशेष स्थान होते. व्यक्तिगत योग्यतेच्या कसोटीवर तिघांत ते कोणाहूनही उणे नव्हते. तरीही त्यांना तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

त्याचे कारण त्यांना उभे करणाऱ्या पक्षांच्या मर्यादेत शोधले पाहिजे. जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांचे महाराष्ट्र विधानसभेतील बळ अत्यल्प होते. शिवसेनेची स्थापना १९६६ मध्ये झाली असली तरी तिचा एकही सदस्य १९६९ मध्ये विधानसभेत नव्हता. पहिला निवडून आला तो १९७० च्या पोटनिवडणुकीत. काँग्रेसचे आमदार तर अधिकृत उमेदवार व गिरी यांच्यातील संघर्षात गुंतलेले होते. उमेदवार मराठी आहे या गोष्टीला राजकीय मूल्य प्राप्त करून देणारा, त्यासाठी स्वतःच्या आघाडीची मर्यादा ओलांडण्यास तयार असलेला पक्ष त्या वेळी निर्वाचकगणात नव्हता. उत्तम उमेदवार हा आपोआप बलवान उमेदवार होत नाही, एवढा बोध देशमुखांच्या उदाहरणातून निश्चित मिळतो.

निकालानंतर यशवंतरावांनी पक्ष एकत्र ठेवण्याचा प्रयत्न केला. ऑगस्टअखेर काँग्रेस कार्यकारिणीने संमत केलेल्या ऐक्याच्या ठरावामागे त्यांचाच पुढाकार होता. ठरावाने वाद तात्पुरता थांबला, मिटला नाही. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी इंदिरा गांधींना पक्षातून काढून टाकण्यात आले आणि काँग्रेसचे दोन पक्ष झाले. स. का. पाटील जुन्या संघटनेत राहिले. यशवंतराव आणि महाराष्ट्र काँग्रेसचा बहुतांश भाग इंदिरा गांधींबरोबर गेला. बंगलोरला एका बाजूने पडलेल्या दोन मराठी मतांची वाट अशी चार महिन्यांत वेगळी झाली.

याच रेड्डींची १९७७ मध्ये राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवड झाली. आठ वर्षांत व्यक्ती बदलली नव्हती. बदलली होती ती तिच्यामागील संमती. १९६९ मध्ये त्यांचे नाव एका गटाने दुसऱ्या गटावर लादलेले होते. १९७७ मध्ये ते सर्व प्रमुख पक्षांना मान्य झाले.

२००७ : संमती आधी, नाव नंतर

२००७ मध्ये केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते व ते डाव्या पक्षांच्या बाहेरील पाठिंब्यावर उभे होते. येथे पक्षैक्याचा प्रश्न आघाडीच्या ऐक्याचा प्रश्न झाला होता. राष्ट्रपतिपदासाठी चर्चेत आलेल्या नावांत मराठवाड्याचे शिवराज पाटील हे एक होते. लातूरहून अनेकदा लोकसभेवर निवडून आलेले, १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष आणि त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री असलेले शिवराज पाटील हे पदाच्या दृष्टीने अनुभवी उमेदवार होते. परंतु डाव्या पक्षांना हे नाव मान्य झाले नाही. काँग्रेसने ते बहुमताच्या बळावर पुढे रेटले नाही. १४ जून २००७ रोजी राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभा पाटील यांचे नाव जाहीर झाले.

१९६९ च्या बंगलोर बैठकीशी याची तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. तेथे मतभेद उघड असताना मत घेतले गेले. येथे मतभेद दिसताच नाव बदलले गेले. मराठवाड्याला पहिला राष्ट्रपती मिळण्याची शक्यता अशा रीतीने मावळली आणि तो मान खानदेशच्या कन्येला मिळाला. प्रतिभा पाटील १९६२ पासून महाराष्ट्र विधानसभेत होत्या. जळगाव व नंतर एदलाबाद मतदारसंघातून त्या १९८५ पर्यंत निवडून आल्या, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या, राज्यसभेच्या उपसभापती होत्या व १९९१ मध्ये अमरावतीहून लोकसभेवर गेल्या होत्या.

प्रतिपक्षाने उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना पाठिंबा दिला. ते अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यामागील अपेक्षा उघड होती. शेखावतांचे सर्व पक्षांत स्नेहसंबंध होते आणि गुप्त मतदानात ते फळास येतील, १९६९ ची पुनरावृत्ती होईल, असा तर्क होता. प्रत्यक्षात फूट पडली ती उलट बाजूस. भारतीय जनता पक्षाचा महाराष्ट्रातील दीर्घकालीन सहकारी असलेल्या शिवसेनेने महाराष्ट्राच्या कन्येला पाठिंबा देण्याचे ठरविले. १९६९ मध्ये चिंतामणरावांच्या बाबतीत जो पक्ष निर्वाचकगणात नव्हता, तो २००७ मध्ये होता, आणि मराठीपणाच्या मुद्द्यावर आघाडीची रेषा ओलांडण्यास तो सिद्ध झाला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात सत्तेवर आलेल्या बहुजन समाज पक्षाचाही पाठिंबा प्रतिभा पाटील यांना मिळाला. त्या राज्यातील आमदाराच्या मताचे मूल्य २०८ असल्याने त्या पक्षाच्या २०६ आमदारांचे एकूण मूल्यच ४२,८४८ होत होते.

१९ जुलैला मतदान झाले व २१ जुलैला निकाल लागला. प्रतिभा पाटील यांना ६,३८,११६ व शेखावतांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. अंतर ३,०६,८१० चे होते. महाराष्ट्रातील २८८ आमदारांचे एकूण मूल्य ५०,४०० भरते. तेव्हा शिवसेनेच्या मतांवाचूनही हा विजय झाला असता, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. शिवसेनेच्या निर्णयाचे महत्त्व संख्येहून वेगळ्या ठिकाणी आहे. विवेकबुद्धीच्या आवाहनावर ज्यांची भिस्त होती, त्यांच्याच आघाडीतील एका पक्षाने उघडपणे दुसरी निष्ठा श्रेष्ठ मानली, आणि त्यायोगे शेखावतांच्या उमेदवारीचा आधारच गेला. हिंगोली लोकसभा मतदारसंघाच्या तत्कालीन खासदार सूर्यकांता पाटील या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या होत्या. सत्तारूढ आघाडीतील त्यांचा पक्ष आणि विरोधी आघाडीतील शिवसेना हे मराठवाड्यातील कट्टर प्रतिस्पर्धी या एका मतदानात एकाच उमेदवाराच्या बाजूस आले होते.

मताचे ऐक्य आणि पक्षाचे ऐक्य

येथवरच्या विवेचनावरून उमेदवाराची योग्य निवड केली की पक्ष अभंग राहतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. २०२२ ची निवडणूक त्याला मर्यादा घालते. द्रौपदी मुर्मू यांचे नाव २१ जून २०२२ रोजी जाहीर झाले. शिवसेनेतील बंडाळी उघड झाली तीही त्याच दिवशी. उद्धव ठाकरे यांनी १२ जुलैला मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. पक्षाच्या अनेक खासदारांची तशी मागणी होती, आणि देशाला प्रथमच आदिवासी राष्ट्रपती मिळण्याची संधी हे त्यामागील जाहीर कारण होते. हिंगोली जिल्ह्यातही आंध या आदिवासी समाजाची मोठी वस्ती आहे, तेव्हा या निवडीचा अर्थ तेथे सहज समजण्यासारखा होता. १८ जुलैच्या मतदानात शिवसेनेचे दोन्ही गट एकाच उमेदवाराचे समर्थक होते. दुसऱ्याच दिवशी, १९ जुलैला, पक्षाच्या १२ खासदारांनी लोकसभेत वेगळा गट केला. हिंगोलीचे खासदार हेमंत पाटील त्यांत होते. मत एक झाले होते, पक्ष मात्र एक राहिला नाही.

उपसंहार

या तीन प्रसंगांवरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षैक्य ही उमेदवाराला आयती मिळणारी पुंजी नसते. तो उमेदवार कोणत्या रीतीने ठरला यावर ती वाढते किंवा आटते. १९६९ मध्ये बहुमताने मिळविलेला निर्णय निर्वाचकगणात टिकला नाही. दुसरी, उमेदवाराचे बळ त्याच्या व्यक्तिगत योग्यतेइतकेच त्याच्या नावाखाली एकत्र येऊ शकणाऱ्या निष्ठांवर अवलंबून असते. देशमुखांना त्या लाभल्या नाहीत, प्रतिभा पाटील यांना लाभल्या. तिसरी, सुयोग्य उमेदवार मतदानाच्या दिवसापुरते ऐक्य घडवू शकतो. आधीच तडा गेलेल्या पक्षाला तो सांधू शकत नाही.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो लोकशाहीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १९६९ मध्ये विवेकबुद्धीचे जे आवाहन झाले, ते प्रतिनिधीच्या विवेकबुद्धीला होते. ज्या मतदाराने पक्षाचे चिन्ह पाहून त्या प्रतिनिधीला निवडून दिले, त्याची विवेकबुद्धी कोणी विचारली नाही. पक्षादेशाने बांधलेले मत मतदाराशी अधिक प्रामाणिक, की गुप्ततेच्या आड दिलेले मुक्त मत अधिक प्रामाणिक, याचे उत्तर सोपे नाही. गुप्तता नसती तर प्रतिनिधी पक्षश्रेष्ठींचा बांधील झाला असता. ती असल्यामुळे तो मतदारालाही उत्तरदायी राहत नाही. संविधानकारांनी या दोहोंतील पहिला धोका अधिक गंभीर मानला. त्याची किंमत जवळा बाजारसारख्या गावचा मतदार १९५२ पासून देत आला आहे : राष्ट्रपती कोण झाला हे त्याला कळते, आपल्या नावाने मत कोणाला पडले हे कळत नाही.